कोठडीतील दुसरा माणूस

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३) हा चित्रपट जाणकारांनी एकमुखाने गौरविला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि दिलीप चित्रे यांची कविता यांचा दुर्मीळ संगम त्यात झाला आहे. ओम पुरी यांना त्यातील अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. या गौरवात उणे काही नाही. तथापि अलीकडे तो पुन्हा पाहताना एक प्रश्न मनातून जाईना. कोठडीत मेलेल्या त्या चोराचे पुढे काय झाले?

फौजदार अनंत वेलणकर हा प्रामाणिक, परंतु आतून धुमसणारा तरुण. घरात आईवर हात उगारणाऱ्या पोलीस बापाचा वारसा त्याच्या रक्तात आहे आणि त्याची त्याला लाजही आहे. गुंडांवर पडणारा त्याचा हात प्रारंभी आपल्याला सुखावतो. कायद्याने जे साधत नाही ते मुठीने साधले, असे वाटून आपण मनोमन टाळी देतो. मग तोच हात एका भुरट्या चोरावर पडतो आणि तो माणूस मरतो. आपली टाळी हवेत तशीच राहते. चित्रपटाचे सामर्थ्य नेमके येथे आहे: तो आपल्यालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो.

परंतु पटकथा पुढे वळते ती मारणाऱ्याकडे. वेलणकरची नोकरी, त्याचा अपमान, रामा शेट्टीच्या दारी मदतीसाठी जाण्याची नामुष्की, हे सारे विलक्षण ताकदीने येते. शेवटी तो शेट्टीचा गळा आवळतो आणि ठाण्यात जाऊन आपल्या वरिष्ठासमोर कबुली देतो. ही कबुली शेट्टीच्या खुनाची आहे. चोराच्या मृत्यूची कबुली तो त्या वेळी कोणापाशीच देत नाही. ‘अर्धसत्य’ या शीर्षकाचा हाही एक अर्थ आहे आणि तो कदाचित कर्त्यांना अभिप्रेत नसावा.

मायकल लोबो या निलंबित, व्यसनाधीन अधिकाऱ्याविषयीही दोन शब्द. हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती माणूस बहुधा मद्याच्या पेल्यासह अवतरतो, याची आपल्याला सवय आहे. मात्र नसीरुद्दीन शहा यांनी उभा केलेला लोबो विनोदासाठी आलेला नाही. वेलणकरपुढे धरलेला तो आरसा आहे. साच्याला त्यामुळे अर्थ लाभतो, पण साचा मोडत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

कलाकृतीने न्यायनिवाडा करावा अशी अपेक्षा कोणी धरू नये. पण चित्रपटाने जे अर्धे सोडले ते व्यवस्थेनेही अर्धेच सोडले आहे. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा दंडक घालून दिले. १९९७ साली भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, परंतु तो अद्याप अनुसमर्थित केलेला नाही. २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला. त्याच वर्षी तमिळनाडूतील सातानकुलम येथे, टाळेबंदीत दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून धरलेल्या पितापुत्रांचा मृत्यू झाला. ते प्रकरण दडपले गेले नाही याचे मोठे श्रेय एका महिला पोलिसाच्या साक्षीला आहे. व्यवस्थेच्या आत राहून सत्य बोलणारी अशी व्यक्ती ‘अर्धसत्य’च्या ठाण्यात मात्र आढळत नाही.

म्हणूनच हा चित्रपट आजही अवश्य पाहावा, पण वेलणकरच्या वेदनेने डोळे भरून येतील तेव्हा थोडे थांबावे. मारणाऱ्याचे दुःख समजून घेणे ही कलेची थोरवी आहे. मात्र ते समजून घेताना मेलेल्याचे नावही आपण विसरलो, तर ती करुणा अपुरी ठरते. तो चोर कोण होता, कोणाचा मुलगा होता, त्या रात्री त्याची वाट कोण पाहत होते, या प्रश्नांपासून पुढची कथा कोणीतरी लिहावयास हवी.