हुजूर दफ्तरातील कागद : कामकाजी गद्याची एक परीक्षा

मराठी गद्याच्या इतिहासात बखरीला जो मान मिळाला, तो दफ्तरी कागदाच्या वाट्याला आला नाही. बखरीत वर्णन आहे, व्यक्तिचित्रे आहेत, क्वचित अतिशयोक्तीही आहे. म्हणून ती वाङ्मय ठरली. ज्या शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, तेथील राजसत्तेच्या नावे निघालेला कागद मात्र इतिहासाचे साधन ठरला. त्यातील मजकूर इतिहासकाराने घेतला, फारसी शब्दांची मोजदाद भाषाभ्यासकाने केली. त्याच्या रचनेकडे दोघांचेही लक्ष गेले नाही. वस्तुतः ही रचना म्हणजे कामकाजातील एका अवघड प्रश्नाचे उत्तर आहे. पुण्यात झालेला निर्णय दूरच्या गावी, अनोळखी माणसाच्या हाती, न बदलता कसा पोहोचावा, आणि तो पुढे वीस वर्षांनीही कसा टिकावा, हा तो प्रश्न होय.

इनामपत्राचे उदाहरण घ्यावे. एका गावी जमीन इनाम दिली, तर एक पत्र काढून भागत नसे. इनामदाराच्या नावे एक, गावच्या मोकदमाच्या नावे एक, देशमुख-देशपांड्यांच्या नावे एक, कमाविसदाराच्या नावे एक, अशी पत्रे निघत. निर्णय एकच; परंतु एकाने जमीन उपभोगायची, दुसऱ्याने ती चालवू द्यायची, तिसऱ्याने आपल्या वहिवाटीत नोंद ठेवायची. ज्याचे जे कर्तव्य, ते त्याच्याच पत्रात सांगितलेले असे. पुढे आणखी दोन कलमे ठरलेली असत. अधिकाऱ्याने पत्राची नक्कल उतरून घ्यावी आणि अस्सल पत्र इनामदाराच्या हाती परत द्यावे, हे पहिले. दरसाल नव्या पत्राचा आग्रह धरू नये, हे दुसरे. ही दोन वाक्ये साचेबंद म्हणून वाचक वगळतो. परंतु अस्सल कागद कचेरीत अडकवून ठेवणारा आणि प्रतिवर्षी नवा हुकूम मागणारा अधिकारी ज्याने पाहिला असेल, त्यालाच ती सुचणे शक्य होते. अखेरीस मोर्तबाचा शिक्का येई. त्याचे काम शोभेचे नव्हे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घातली तर ती खोटी, हे तो सांगे.

पत्र निघाले की दफ्तरात त्याची नोंद राही. फडाचे चालते दफ्तर आणि पुण्यात राहणारे एकबेरीज दफ्तर अशी विभागणी होती. खतावण्या आणि तर्जुमे तयार होत. नाना फडणिसांच्या काळी या कामी दोनशेहून अधिक कारकून होते. मामल्यातील फडणीस, मुजुमदार, चिटणीस हे दरकदार मामलेदाराला दूर करता येत नसत. त्यामुळे एकाच कारभाराची वार्ता एकाहून अधिक हातांतून पुण्यास येई. अविश्वासावर उभारलेली ही व्यवस्था रुक्ष वाटते, पण तिच्यामुळेच लेखनात नेमकेपणा आला, असे म्हणावे लागते.

हा गुण दृष्टीआड होण्यास थोडे संपादकही कारण झाले आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशांतील निवडक उतारे विषयवार लावले. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली त्यांचे महत्त्व सांगताना लोकजीवनाकडे बोट दाखविले, हे योग्यच झाले. सरदेसायांच्या १९३० नंतरच्या ४५ खंडांत राजकारणाचे पारडे जड राहिले. दैनंदिन कामाचा क्रम, म्हणजे कोणत्या कागदामागून कोणता कागद निघाला हे, निवडीत हरवते. ही टीका उपकारविस्मरणाने केलेली नाही. त्या खंडांवाचून हा विचारही झाला नसता.

तथापि या पद्धतीचा गौरव करताना तिची मर्यादा झाकता येणार नाही. कागद परत येऊन नोंदला जाईल, या गृहीतावर ती उभी होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मामलती मक्त्याने जाऊ लागल्या. वरून पैसा तेवढा हवा असल्याने हिशेब तपासण्याचे प्रयोजन उरले नाही. दफ्तराची आबाळ झाली, आस्थापना जवळजवळ मोडली, कागद बाहेर गेले. पत्रांचे साचे मात्र तेच राहिले. याचा जाच पुढे इनामदारांनाच झाला. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने सनदा पुण्याच्या दफ्तराशी ताडून पाहिल्या, तेव्हा ज्याची नोंद सापडेना त्याचा हक्क संशयात आला. हातातील शब्द आणि दफ्तरातील शब्द यांतील दुवा तुटला, की उत्तम वाक्यरचनाही दुबळी ठरते.

राज्यकारभाराच्या मराठीची चर्चा अजूनही बहुधा शब्दांपाशी थांबते. राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९६२ च्या पदनाम कोशाने इंग्रजी पदांना दिले, आणि त्यावर पुष्कळ थट्टाही झाली. शब्द शुद्ध असावेत की रुळलेले, हा वाद अर्थपूर्ण आहे. पण कागदाचा घाट त्यामुळे बदलत नाही. आजच्या शासन निर्णयात आधी संदर्भांची यादी, मग प्रस्तावना, मग ‘करण्यात येत आहे’ असे कर्त्यावाचूनचे वाक्य येते. शेवटी ‘प्रति’ म्हणून मंत्रालयापासून जिल्ह्यापर्यंतची नावे असतात. त्या सर्वांना एकच मजकूर जातो. त्यात आपले काम कोणते, हे तालुक्याच्या कारकुनाने शोधायचे असते. वाडांच्या खंडांतही नोंदीखाली नावांची अशीच यादी आढळते. मात्र तेथील प्रत्येक नावाबरोबर एक वेगळे पत्र निघालेले असते.