एमजीए जागी होताना

चालत्या गाडीत यंत्र दिसत नाही, वेग तेवढा दिसतो. यंत्र बघायचं असेल, तर वर्षानुवर्षं एका जागी उभी राहिलेली गाडी पुन्हा चालू करताना बघावी. त्यातही माझी पसंती एमजीएला, १९५५ साली आलेल्या त्या दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारला. जग्वार ई-टाइप तिच्याहून देखणी आहे, वाद नाही. पण ई-टाइपचे मागचे ब्रेक डिफरन्शियलला लागून आत बसवलेले असतात. त्यांचं नीट काम काढायचं, तर मागचा सगळा सांगाडा खाली उतरवायची तयारी ठेवावी लागते. एमजीएचे असले नखरे नाहीत. तिच्यात जे आहे ते हाताला लागतं.

तिचा घाट सिड एनेव्हर या माणसाचा. १९५१च्या ल मांस शर्यतीसाठी त्याने एमजीच्याच तेव्हाच्या टीडी मॉडेलच्या चासीवर एक बुटकी, गोलसर बॉडी चढवली. बॉडी छान जमली, पण चालक चासीच्या वर बसत असल्याने वाऱ्यात उंच डोकावू लागला. मग एनेव्हरने चासीचे बाजूचे रूळच बाहेरच्या अंगाला सरकवले आणि माणसाला त्यांच्या मध्ये खाली बसवलं. एमजीएची ती जमिनीसरशी बैठक या एका दुरुस्तीतून आली. कंपनीच्या वरिष्ठांनी तेव्हा नुकतीच ऑस्टिन-हीली पदरात घेतली होती, त्यामुळे हे डिझाइन काही वर्षं तसंच पडून राहिलं. म्हणजे पडून राहणं या गाडीच्या पत्रिकेतच होतं म्हणायचं.

ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२पर्यंत १,०१,०८१ एमजीए बाहेर पडल्या. खुद्द ब्रिटनमध्ये सहा हजारही विकल्या गेल्या नाहीत. बाकीच्या परदेशी गेल्या, त्यातही मुख्यतः अमेरिकेला. म्हणून झोपी गेलेली एमजीए आज भेटते ती बहुधा एखाद्या अमेरिकन घराच्या गॅरेजात, गवत कापायच्या यंत्रामागे आणि ख्रिसमसच्या माळांच्या खोक्यांखाली. न्यू जर्सीतल्या माझ्या एका स्नेह्याला ती अशीच मिळाली. स्नेही मूळचे सांगलीचे, निवृत्त इंजिनिअर. वडिलांच्या अ‍ॅम्बॅसडरखाली आडवं पडून हात काळे केलेले. त्यांनी बोनेट उचललं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, “अरे, हे तर आपल्या घरचं इंजिन!”

त्यात अतिशयोक्ती नव्हती. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, १४८९ सीसी. हेच कुळ आपल्याकडे अ‍ॅम्बॅसडरमध्ये नांदलं, लग्नाची वऱ्हाडं आणि मंत्र्यांचे लाल दिवे वाहत राहिलं. एमजीएत त्याला एकाऐवजी दोन कार्बोरेटर मिळाले, हलकं अंग मिळालं, आणि स्वभावच पालटला.

अशा गाडीला लगेच बॅटरी जोडून सेल्फ मारायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तिथेच रसिक आणि उतावळा वेगळे पडतात. उभ्या गाडीत काय काय झालेलं असतं? पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि खाली राहतो गोंदासारखा थर. त्याचा वास पेट्रोलचा कमी आणि जुन्या वॉर्निशचा जास्त येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि सिलिंडर आतून गंजवतं. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतात, आतून फुगून बंद झालेले असतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरून बसतात. यातलं एकही दुखणं बाहेरून दिसत नाही.

म्हणून आधी चारही प्लग काढायचे, भोकांतून थोडं पातळ तेल सोडायचं आणि चक्क निघून जायचं. चहा प्यायचा, दुसरं काम करायचं, झोपायचं. तेल रिंगांपर्यंत उतरायला जो वेळ घेतं तो घेतं. मग पुढून हँडल घालायचं. एमजीएला हँडल आहे, हे तिचं मोठं सुख. स्नेह्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, पण जोर केला नाही. नुसतं वजन टाकून ठेवलं. मी पुढे सरसावलो तर म्हणाले, “थांबा हो, तिला ठरवू दे.” बराच वेळ काही नाही. मग हँडल बोटभर खाली गेलं, अडलं, उलट फिरवून पुन्हा आणलं, आणि आतून एक ओलसर सुस्कारा प्लगच्या भोकांतून बाहेर आला. इंजिन मोकळं होतं. जोर लावला असता तर एखादी रिंग तुटली असती, आणि तो आवाज मात्र कोरडा असतो.

ब्रेकचं काम रटाळ, त्यावर रेंगाळण्यात अर्थ नाही. सगळी रबरं नवी घालावीत, काटकसर करू नये. एकच गोष्ट नजरेत भरते. या गाडीत ब्रेक आणि क्लच यांचे मास्टर सिलिंडर एकाच ओतीव डब्यात शेजारी शेजारी बसवलेले आहेत आणि दोघांना तेल पुरवणारी टाकी एकच. क्लचची गळती वाढली की ब्रेकचं तेलही उतरणार. सुबक आहे, पण मला ते कधी पटलं नाही. पायाखालच्या फळ्याही खरोखरच्या फळ्या आहेत, प्लायवुडच्या, स्क्रूने बसवलेल्या. उंदरांना त्या फार आवडतात.

खरी बहार आहे ती एसयू कार्बोरेटरची. वर पितळी टोपीचा घुमट, आत एक पिस्टन, पिस्टनला खाली निमुळती सुई. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा पिस्टन उचलला जातो, सुई जेटमधून वर सरकते आणि त्या प्रमाणात पेट्रोल सुटतं. ठरावीक मापांची अनेक जेट्स ठेवण्याऐवजी इथे एकच सुई सगळी मापं सांभाळते. पिस्टनने एकदम उसळी घेऊ नये म्हणून घुमटात थोडं तेल असतं. तपासणी अगदी साधी: पिस्टन बोटाने वर उचलायचा आणि सोडायचा. तो न अडखळता उतरून तळाशी ‘टक्‌’ असा बारीक धातूचा आवाज आला पाहिजे. पहिल्या कार्बोरेटरचा पिस्टन मध्येच अडकला. स्नेह्यांनी तो काढून थिनरने पुसला. पॉलिश पेपर लावला नाही, कारण इथे घासलं की माप गेलं. दुसऱ्यांदा सोडला तेव्हा ‘टक्‌’ नीट आलं. त्यांनी तरीही आणखी एकदा सोडला. गरज नव्हती, ऐकायचं होतं.

आता गाडी सुरू करण्याची रीत बघा. आजच्या गाडीत एक बटण दाबलं की झालं. एमजीएत ही कामं सुटी सुटी आहेत. चावी फिरवली की फक्त वीज येते. तेवढ्यात सीटच्या मागून, खालच्या अंगाने, विजेवरचा पेट्रोल पंप टकटक करू लागतो: आधी भराभर, मग फ्लोटची भांडी भरत जातील तसा सावकाश, आणि ती भरली की गप्प. या टकटकीवरून बरंच कळतं. थांबलीच नाही, तर पेट्रोल कुठेतरी गळतंय किंवा टाकी रिकामी आहे. सुरूच झाली नाही, तर पंपातले पॉइंट काळे पडलेत. तेव्हा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंपावर एक हलकी टिचकी. आम्हाला टिचकी मारावी लागली. मग चोकची घुंडी ओढायची आणि शेवटी स्टार्टरची. तीही ओढायची, केबल थेट स्टार्टरच्या स्विचपर्यंत जाते. हॉर्नचं बटणसुद्धा डॅशबोर्डच्या मधोमध आहे. कुणी तरी प्रत्येक कामाला आपापली जागा देऊन मग गाडी बांधली असावी, असं वाटतं.

प्लग न लावताच आधी स्टार्टर फिरवला. ऑइल प्रेशरची सुई काही काळ ढिम्म होती. मग ती थरथरली आणि वर चढली. हा काटा खरा आहे, इंजिनातून आलेल्या बारीक नळीतलं तेल त्याला थेट ढकलतं. तो वर चढल्यावरच प्लग लागले.

इंजिन पेटलं ते एका सिलिंडरवर, मग तीनवर. सायलेन्सरमधून निळा धूर, सोबत कोणी तरी तिथे साठवलेल्या अक्रोडांच्या टरफलांचा फवारा. चौथं सिलिंडर मिस मारत राहिलं आणि थोड्या वेळाने, कुणी काही न करता, सुरात आलं. स्नेही पुटपुटले, “व्हॉल्व्ह सुटला.” थंड इंजिनाचा चढा आवाज चोक आत ढकलत गेल्यावर खाली आला, आणि त्यात मला अ‍ॅम्बॅसडर ऐकू आली, जरा जास्त घशातून बोलणारी, पण तीच.

रस्त्यावरची पहिली फेरी गल्लीपुरतीच. गाडीच्या दाराला बाहेरून मूठ नाही. हात आत घालून दोरी ओढायची, दार उघडतं. आत बसलं की रस्ता हात खाली सोडला तर लागेल इतका जवळ. वेग किरकोळ होता, तो जाणवत मात्र भलताच होता. परत आल्यावर गरम तेल लगेच काढून टाकलं. इतकी वर्षं तळाशी बसलेला गाळ आता सुटा होऊन फिरत असतो.

वाद झाला तो रंगावरून. मूळचा लाल रंग बोनेटवर उन्हाने विटलाय, डाव्या दारावर खरवडलाय, मडगार्डच्या कडेला खालचा प्रायमर दिसतोय. स्नेह्यांना सगळं खरवडून नवाकोरा लाल द्यायचाय. माझं म्हणणं, यंत्राला लागेल ते करा, कातडीला हात लावू नका; चकचकीत लाल एमजीए प्रदर्शनात पैशाला पासरी मिळतात आणि त्यांपैकी कितीतरी ट्रेलरवर बसून तिथे येतात. ते म्हणाले, तुम्हाला लेख लिहायचाय, मला गाडी ठेवायचीय. वहिनी दोघांचंही ऐकत नव्हत्या. या गाडीला सीट बेल्ट नाहीत हे त्यांच्या तेवढ्यात लक्षात आलं होतं, आणि ते बसेपर्यंत चावी त्यांच्याकडे राहणार होती.