एजंटचे मूल्यमापन : 'टाऊ-बेंच' कसोटीचे सामर्थ्य व मर्यादा

'लँगचेन'सारख्या सॉफ्टवेअर-चौकटी २०२२ पासून उपलब्ध झाल्याने भाषिक प्रतिमानाला साधने जोडून एजंट उभारणे सुकर झाले. मूल्यमापन मात्र तितके सुकर झालेले नाही. या दृष्टीने 'सिएरा' कंपनीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेली 'टाऊ-बेंच' ही कसोटी महत्त्वाची ठरते. तीत एजंट किरकोळ विक्री वा विमानसेवेची नियमावली सांभाळून, ग्राहकाची भूमिका करणाऱ्या दुसऱ्या प्रतिमानाशी संवाद साधतो. संवादाअंती माहितीसंचाची स्थिती अपेक्षित स्थितीशी ताडून पाहिली जाते. म्हणजेच येथे गुण भाषेच्या सफाईला नसून झालेल्या कामाला आहेत. शिवाय तेच काम आठ वेळा दिल्यास आठही वेळा यश येते काय, हेही तपासले जाते. किरकोळ विक्रीत 'जीपीटी-४ओ'चे हे प्रमाण २५ टक्क्यांहूनही कमी आढळले. एकदा लाभलेले यश म्हणजे विश्वासार्हता नव्हे, हे यातून स्पष्ट होते.

तथापि या कसोटीची मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. माहितीसंचात बदल करण्यापूर्वी ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी, असा नियमावलीचा दंडक आहे. एजंटने संमतीविना योग्य तोच बदल केला, तरी अंतिम स्थिती जुळते व नियमभंग गुणांत उमटत नाही. ज्या व्यवहारांत संमती हाच ग्राहकाचा हक्क असतो, तेथे ही त्रुटी गौण मानता येणार नाही. चौकटींच्या साहाय्याने एजंटच्या प्रत्येक पायरीची नोंद ठेवता येते. ती नोंद केवळ दोषशोधनापुरती न राहता मूल्यमापनाचा आधार व्हावी. फळाइतकीच मार्गाचीही परीक्षा झाल्याशिवाय एजंटवर जबाबदारी सोपविणे योग्य ठरणार नाही.