पाहुणचार, बडदास्त आणि ऊठबस : बुटीक हॉटेलांविषयीच्या अतिथी-अभिप्रायांची चिकित्सा

प्रस्तावना

हॉटेलात राहिलेला माणूस निघताना अभिप्रायवहीत चार ओळी लिहितो, किंवा घरी पोहोचल्यावर संकेतस्थळावर आपला अनुभव नोंदवतो. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांचे अभ्यासक या लेखनाकडे ग्राहक-समाधान मोजण्याची सामग्री म्हणून पाहतात. भाषा-साहित्याचे अभ्यासक मात्र त्याकडे सहसा वळत नाहीत. वस्तुतः प्रवासवर्णनाशी दूरचे नाते सांगणारा हा एक गद्यप्रकार आहे. त्याचे काही ठरलेले संकेत आहेत, लाडकी विशेषणे आहेत आणि काही ठरलेली मौनेही आहेत. बुटीक हॉटेलांविषयीच्या अभिप्रायांतील सेवा आणि सुखसोय यांची भाषा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ही भाषा पाहुणचाराची स्तुती करते. परंतु तो पाहुणचार ज्या श्रमावर उभा असतो, त्या श्रमाला ती वाक्यरचनेतच अदृश्य करते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

बुटीक हॉटेल : संकल्पना आणि वचन

न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर १९८४ मध्ये स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर यांनी 'मॉर्गन्स' हे हॉटेल सुरू केले. त्याची अंतर्गत सजावट आंद्रे प्युटमन यांनी केली होती. मोठी हॉटेले सर्व काही विकणाऱ्या भव्य दुकानांसारखी असतात, तर आपले हॉटेल निवडक वस्तूंच्या छोट्या दुकानासारखे, म्हणजे 'बुटीक'सारखे आहे, ही तुलना रुबेल यांच्या नावे सांगितली जाते. मॉर्गन्स २०१७ मध्ये बंद झाले. संज्ञा मात्र जगभर रूढ झाली.

भारतात या कल्पनेला वारसावास्तूंची जोड मिळाली. दिल्ली-जयपूर मार्गावरील नीमराना येथील पंधराव्या शतकातील किल्ला अमन नाथ आणि फ्रान्सिस वाकझियार्ग यांनी १९८६ मध्ये घेतला. जीर्णोद्धारानंतर १९९१ मध्ये तो पाहुण्यांसाठी खुला झाला. या समूहाने आपल्या वास्तूंना 'हॉटेल नसलेली हॉटेले' अशा अर्थाचे बिरुद लावले. पणजीच्या फोंतेन्हास भागातही पोर्तुगीज काळातील घरांमधून अशी छोटी निवासस्थाने उभी राहिली.

या सर्वांचे वचन एकच असते : येथे तुम्ही खोली क्रमांक नसून व्यक्ती आहात. खोल्या थोड्या, प्रत्येक खोली वेगळी, आणि सेवक तुम्हाला नावाने ओळखणारा. सुखसोयीपेक्षा ओळख हीच येथील खरी विक्रीवस्तू होय. त्यामुळे अभिप्रायांतही गादी आणि गरम पाणी यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आपल्याला कसे वागवले गेले याला मिळते.

मराठीतील चार शब्द

सेवेच्या गुणवत्तेचे मोजमाप करण्यासाठी पराशुरामन, झीथमल आणि बेरी या अभ्यासकांनी १९८८ मध्ये 'सर्व्हक्वाल' ही मापनश्रेणी मांडली. बावीस विधानांच्या साहाय्याने ती दृश्य सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता आणि सहानुभाव अशा पाच अंगांनी अपेक्षा व प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतर मोजते. ही श्रेणी उपयुक्त आहे. परंतु ती संपूर्णपणे ग्राहकाच्या बाजूने पाहते. सेवा देणारा आणि घेणारा यांचे परस्परसंबंध कोणत्या जातीचे आहेत, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

या प्रश्नासाठी मराठीतील रोजचे शब्द अधिक उपयोगी पडतात. 'पाहुणचार' हा बरोबरीच्या माणसांमधला व्यवहार आहे. आज मी तुमच्याकडे, उद्या तुम्ही माझ्याकडे, ही परतफेड त्यात गृहीत असते. 'सरबराई'त व्यवस्था आणि तजवीज यांना महत्त्व असते. 'बडदास्त' ठेवली जाते ती मोठ्यांची, साहेबांची, व्याह्यांची. तिच्यात दर्जाचा फरक आणि थोडा धाक असतो. 'ऊठबस' हा शब्द मात्र श्रमाच्या बाजूने आलेला आहे. पाहुण्यांची ऊठबस करता करता घरातील बाईचा दिवस मावळतो, असे आपण म्हणतो तेव्हा कंबरेचा काटा ढिला होणे त्यात ऐकू येते.

'अतिथी' या शब्दाकडेही येथे पाहावे लागते. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्याची पारंपरिक फोड केली जाते. हॉटेलातील अतिथीची मात्र येण्याचीच नव्हे, तर जाण्याचीही तिथी आणि वेळ ठरलेली असते. या बाबतीत आपली जुनी खानावळ अधिक सरळ होती. महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्याला ती 'मेंबर' म्हणत असे. त्याला देव करण्याच्या भरीस ती पडली नाही.

बुटीक हॉटेलांविषयीच्या अभिप्रायांचा घोटाळा या चार शब्दांच्या आधारे नेमका सांगता येतो. लिहिणारा पाहुणचाराबद्दल आभार मानतो, त्याने विकत घेतलेली असते ती बडदास्त, आणि ती शक्य झालेली असते ती कोणाच्या तरी ऊठबशीमुळे.

'घरच्यासारखे' या पदाविषयी

'घरच्यासारखे वाटले' ही या लेखनप्रकारातील सर्वोच्च स्तुती होय. एरवी घरापासून सुटका हवी म्हणून प्रवासाला निघालेला माणूस सुखाची परमावधी सांगताना घराचाच दाखला देतो, ही विसंगती लक्षणीय आहे. घरी तर पलंगावरची चादर आपली आपण झटकायची असते. मग साम्य कशाचे? ते बहुधा अशा घराचे, जेथे न सांगता चहा समोर येतो आणि तो कोणी केला हे विचारावे लागत नाही. घरातील श्रम विनामूल्य आणि म्हणून अदृश्य असतात. हॉटेलच्या सेवेला घराची उपमा देताना श्रमाची ही अदृश्यताही आपण नकळत सोबत नेतो. कोकणातील 'निवास व न्याहरी'च्या घरांत हे अधिक ठळकपणे जाणवते. तेथे घर खरोखरीचे असते, आणि पहाटे उठून घावने घालणारी गृहिणीही.

अदृश्य कर्ता

अशा अभिप्रायांतील क्रियापदे पाहिली असता दोन प्रकारची वाक्ये आढळतात. स्वागतकक्षातील आणि भोजनगृहातील सेवकांविषयीच्या वाक्यांत कर्ता उघड असतो : अमुक याने हसतमुखाने स्वागत केले, तमुक याने आमची आवड लक्षात ठेवली. खोलीविषयीची वाक्ये मात्र कर्मणी किंवा कर्ताहीन असतात : चादरी स्वच्छ होत्या, स्नानगृह चकचकीत होते, फुले रोज बदलली जात. एका बाजूस हसू आहे आणि त्याला नाव आहे. दुसऱ्या बाजूस काम आहे आणि त्याला कर्ता नाही.

ज्याला नाव मिळते त्याची स्थितीही सोपी नसते. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये 'द मॅनेज्ड हार्ट' या ग्रंथात विमानातील सेविकांच्या अभ्यासातून भावनिक श्रमाची संकल्पना मांडली. हसू हाच कामाचा भाग झाला की ते थकवणारे असते, हा त्यांच्या विवेचनाचा एक मथितार्थ. बुटीक हॉटेलात मनमोकळेपणाचीही अपेक्षा असते. त्यामुळे हा श्रम वाढतो.

ज्याला नाव मिळत नाही त्याच्या बाबतीत प्रश्न थेट पैशाचा होतो. अमेरिका आणि कॅनडातील खोल्यांमधून सफाई कामगारांना बक्षिशी ठेवण्यासाठी पाकिटे ठेवण्याचा उपक्रम मॅरियट या हॉटेलसमूहाने २०१४ मध्ये सुरू केला. पाकिटांऐवजी वेतनच का वाढवू नये, अशी टीका तेव्हा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु जे काम पाहुण्याच्या पाठीमागे होते ते त्याच्या कृतज्ञतेच्याही पाठीमागे राहते, हे त्या पाकिटांनी अप्रत्यक्षपणे मान्य केले.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःचीही झडती घेणे आवश्यक आहे. एका चर्चासत्राच्या निमित्ताने जुन्या वाड्यात थाटलेल्या एका छोट्या हॉटेलात दोन रात्री राहण्याचा योग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवण्याचे यंत्र बंद पडले. एका मध्यमवयीन बाईंनी दोन मजले चढून कढत पाण्याच्या बादल्या खोलीपर्यंत आणून दिल्या. निघताना अभिप्रायवहीत स्वागतकक्षातील तरुणाचे नाव घेऊन स्तुती लिहिली, आणि पाण्याविषयी लिहिले ते असे : गैरसोय झाली, पण तत्परतेने व्यवस्था करण्यात आली. 'करण्यात आली' हा कर्मणी प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता. त्या बाईंचे नाव विचारलेच नव्हते, हे बस सुटल्यावर लक्षात आले.

एक आक्षेप

पाहुणा पैसे मोजतो. तो समाजशास्त्राचा निबंध लिहावयास बांधील नाही, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. शांत झोप, कोरडा पंचा, वेळेवर जेवण या सुखसोयी क्षुल्लक नाहीत. वृद्ध, आजारी किंवा लहान मुलांसह प्रवास करणाऱ्यांसाठी तर नाहीतच. तक्रार करण्याचा अधिकारही निर्विवाद आहे. शिवाय मोजक्या खोल्यांच्या हॉटेलात पाहुणा आणि सेवक यांच्यात खरी ओळख होण्यास वाव असतो. तो सारा देखावाच आहे असे म्हणणे त्या सेवकांच्या सौजन्यावर अन्याय करणारे ठरेल. मागणी आहे ती केवळ अचूकतेची. काय घडले हे सांगताना ते कोणी केले हेही सांगणारा अभिप्राय अधिक खरा असतो, आणि म्हणून पुढील प्रवाशालाही अधिक उपयोगी असतो. नावामुळे एखाद्या सेवकावर खापर फुटण्याचा धोकाही असतो. म्हणून स्तुती करताना नाव घ्यावे आणि तक्रार व्यवस्थेविषयी करावी, हा विवेक पाळता येईल.

समारोप

आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी उद्या अशाच हॉटेलांमधून नोकरी करतील. काही जण खोल्या आवरतील, काही स्वागतकक्षात उभे राहतील. आपणही चर्चासत्रांच्या आणि सहलींच्या निमित्ताने तेथे उतरू. व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्जलेखन आणि वृत्तान्तलेखन शिकवले जाते. त्यासोबत अभिप्रायलेखनाचा एक पाठ घेता येईल. त्यात कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांचा भेद विद्यार्थ्यांना रूपांतरापुरता न शिकवता, कर्ता लपतो तेव्हा कोण लपते, या प्रश्नासह शिकवता येईल. पाहुणचार या शब्दात परतफेड गृहीत आहे, असे वर म्हटले. हॉटेलातील पाहुण्याला ती आपल्या घरी बोलावून करता येत नाही. परंतु नाव विचारणे आणि ते लिहून ठेवणे एवढी फेड त्याच्या हाती निश्चित असते.