हरवलेल्या गांवाचें नांव

सरू ब्रायर्ली यांचें 'अ लाँग वे होम' (२०१३) हें आत्मकथन आम्हीं दोन वेळां वाचलें. १९८६ सालीं पांच वर्षांचा हा मुलगा बऱ्हाणपुराहून आगगाडीनें कलकत्त्यास जाऊन पोंचला. १९८७ सालीं टास्मानियांतील दांपत्यानें त्यास दत्तक घेतलें. खांडव्यांतील 'गणेश तलाई' हें वस्तीचें नांव त्याच्या बोबड्या उच्चारांतून कोणासच उमगलें नाहीं. मुलगा कागदोपत्रीं निराधार ठरला. आई मात्र खांडव्यासच वाट पाहत होती. २०१२ सालीं मायलेंकरांची भेट झाली. लेखकाचा कृतज्ञ सूर खरा आहे; पण परदेशीं दत्तक देतांना जन्मदात्रीच्या संमतीऐवजीं दाखला पुरेसा झाला. दत्तक मातेचें वात्सल्य कितीही थोर असलें, तरी अपुऱ्या शोधाचें शल्य त्यानें कसें निघावें?