भिंगाविना उमटलेले आकाश

जर्मन रंगतंत्रज्ञ आडोल्फ लिनेबाख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रक्षेपकात काळी पेटी, प्रखर दिवा आणि चित्र रंगविलेली काच एवढेच असते, भिंग नसतेच. म्हणूनच रंगमंचावरील साध्या फ्रेनेल दिव्याचे भिंग व परावर्तक काढून तो घडविता येतो. दिव्याची तार जितकी लहान, तितकी आकृती रेखीव; तरीही कडा मऊच राहतात.

हा मऊपणा दोष मानावा काय? टेनेसी विल्यम्स यांनी ‘द ग्लास मेनॅजरी’च्या संहितेत पडद्यावर चित्रे व वाक्ये उमटविण्याची योजना केली होती. १९४५ च्या ब्रॉडवे प्रयोगात ती गाळण्यात आली. लॉरेट टेलर यांच्या समर्थ अभिनयामुळे नेपथ्य अत्यंत साधे असणेच उचित ठरले, असे खुद्द नाटककारानेच नमूद केले.

या निवाड्यात मर्म आहे. चित्राला अंधार हवा, नटाच्या मुद्रेला प्रकाश. पडद्यावरील रेखीव अक्षरे प्रेक्षकाची नजर नटापासून ओढून घेतात. भिंग काढलेल्या दिव्याला अक्षरे पेलत नाहीत. तो आभाळ, रान, तुरुंगाचे गज सुचवून थांबतो आणि बोलणे नटाकडेच राहते. हौशी रंगभूमीने ही मर्यादा आपले बळच मानावे.