'बिम हँडबुक': वर्गात वाचताना

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आता नकाशा काढण्याबरोबर 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग', थोडक्यात 'बिम', हाही विषय शिकावा लागतो. या विषयावरचा सर्वपरिचित ग्रंथ म्हणजे 'बिम हँडबुक'. त्याची पहिली आवृत्ती २००८ साली निघाली. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीचे लेखक राफाएल सॅक्स, चार्ल्स ईस्टमन, घांग ली आणि पॉल टायकोल्झ हे आहेत. ग्रंथाच्या अधिकाराविषयी शंका नाही. पाठ्यपुस्तक म्हणून तो कितपत पुरा पडतो, एवढेच येथे पाहायचे आहे.

कागदावरच्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. बिममध्ये ती एक वस्तू असते. तिला जाडी, उंची आणि साहित्य असते. ती सरकवली की तिच्यातले दारही सरकते. आराखडे आणि मोजमापे एकाच प्रतिमानातून निघतात. इमारतीची रचना करताना रेखाचित्रांऐवजी संगणक वापरावा, हा विचार ईस्टमन यांनी १९७५ सालीच मांडला होता. त्यामुळे ग्रंथातले विवेचन मुळापासून येते. एखाद्या सॉफ्टवेअरची बटणे शिकवण्यापुरते ते उरत नाही. मालक, वास्तुरचनाकार व अभियंते, कंत्राटदार आणि उपकंत्राटदार यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत, हाही मोठा गुण. एकच प्रतिमान प्रत्येकाच्या कामी कसे वेगळ्या रीतीने येते, हे विद्यार्थ्याला त्यातून कळते.

उणीव जाणवते ती शेवटच्या प्रकरणात. तेथे प्रत्यक्ष प्रकल्पांच्या हकिकती आहेत आणि त्यांचा सूर बहुतेक यशाचा आहे. त्यांत डब्लिनचे राष्ट्रीय बालरुग्णालय आहे. २०१७ साली त्याच्या बांधकामासाठी ९८.३ कोटी युरो मंजूर झाले होते. २०१८ च्या अखेरीस हा आकडा सुमारे १४३ कोटींवर गेला आणि २०२४ साली सुमारे २२४ कोटींवर. २०१९ च्या स्वतंत्र चौकशी अहवालाने नियोजन, अंदाजपत्रक आणि देखरेख यांतील गंभीर दोष दाखवले. आराखडा पूर्ण होण्याआधीच अंदाजे परिमाणांवर कंत्राट दिले गेले होते. याचा दोष बिमवर टाकता येणार नाही, आणि पुढचे घडणार ते लेखकांना ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. पण आज केवळ ग्रंथातली हकिकत वाचणारा विद्यार्थी 'प्रतिमान उत्तम, म्हणून प्रकल्प उत्तम' असा निष्कर्ष काढील. शिक्षकाने हकिकतीशेजारी तो अहवाल ठेवावा.

प्रतिमानातून परिमाणे निघाली तरी अंदाजपत्रक करणाऱ्याचे काम संपत नाही, असा इशारा ग्रंथात आहे. तो पटतो मात्र हाताने मोजल्यावरच. ४ मीटर लांब, ३ मीटर उंच भिंत घ्या. तिच्यात १ मीटर रुंद, २.१ मीटर उंच दार आहे. दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा करायचा आहे. निव्वळ भूमितीने दार दोन्ही बाजूंनी वजा होते आणि १९.८ चौरस मीटर उरतात. आपल्याकडे मोजमापासाठी वापरल्या जाणाऱ्या आय.एस. १२०० मानकाप्रमाणे ०.५ ते ३ चौरस मीटरचे मोकळे भाग एकाच बाजूने वजा करतात, कारण दाराच्या कडांचा गिलावा वेगळा मोजत नाहीत. उत्तर येते २१.९. संगणकाची गणिताची चूक नाही. त्याला मोजण्याचा नियम कुणी सांगितलेला नाही, एवढेच. अशा भिंती इमारतीत शेकडो असतात.

ग्रंथ अवश्य वापरावा. पण प्रतिमानातून आलेला प्रत्येक आकडा कोणत्या नियमाने आणि किती पूर्ण आराखड्यावरून आला, हे विचारण्याची सवय तो एकटा लावू शकत नाही. ते काम शिक्षकाचे आहे, आणि त्याला लागते फक्त एक भिंत, एक मोजपट्टी आणि एक तास.